खुर्चीचे हात



निंबोल्याच्या सुताराने पुस्तकांविषयी काय बोलावे? वाचक उठताना सारा भार खुर्चीच्या हातांवर टाकतो. त्या हातांविषयी बोलतो. सरळ फळीतून वाकडा हात कापला, की वळणावर लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि हात तेथेच मोडतो. ही चूक मी केली आहे. वृद्ध वडील उठताना हात त्यांच्या मुठीतच राहिला. तेव्हापासून मी नैसर्गिक वळणाचे सागवान शोधतो. पायाच्या माथ्यावरील कुसू हाताच्या खाचेत सरसाविनाच घट्ट बसले पाहिजे. आमच्या निमाडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. कोपराखालची कड मात्र मी डोळे मिटून तळहातानेच तपासतो.