रेस सोडली की पातं थांबलं पाहिजे

 

आज आपण ग्रास कटरबद्दल बोलणार आहोत. बऱ्याच बचत गटांनी हे मशीन घेतलंय. पाऊस सरला की काजू-आंब्याच्या बागांत बेणणीची कामं निघतात आणि मशीनला रोज मागणी असते. मशीन बंद पडलं तर भाडं बुडतं आणि हप्ता मात्र भरावाच लागतो. त्याच्या एकाच भागाची ओळख मी आज करून देणार आहे. तो भाग म्हणजे क्लच. आपली कमाई त्याच्यावर चालते आणि आपले पायसुद्धा त्याच्याच भरवशावर असतात.

आपल्यातल्या ज्यांनी लुना चालवलीय त्यांना आठवेल, तिला क्लचचा दांडा नव्हता. आजच्या स्कूटीलाही नसतो. रेस दिली की गाडी निघते, सोडली की सुटी होते. ग्रास कटरचा क्लच त्याच जातीचा.

तो चालतो कसा? फुगडी आठवा. दोघी हात धरून फिरतात. वेग वाढला की अंग बाहेर ओढलं जातं, हात ताणतात. आता या दोघींच्या भोवती एक मोठं पिंप आहे असं समजा. वेग कमी आहे तोवर पाठ पिंपाला लागत नाही. वेग वाढला, हात ताणले, की दोघींच्या पाठी पिंपाला घट्ट टेकतात आणि पिंपही बरोबर फिरायला लागतं. क्लचमध्ये दोघींच्या जागी दोन शू असतात. हातांच्या पकडीच्या जागी स्प्रिंग असते. आणि पिंप म्हणजे ड्रम. ड्रमला लांब दांडा जोडलेला, दांड्याच्या टोकाला पातं.

इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा ते मिनिटाला साधारण ३००० फेऱ्या घेतं. तेवढ्या वेगात स्प्रिंग शूंना धरून ठेवते, म्हणून पातं स्थिर राहतं. रेस दिल्यावर ४००० च्या आसपास किंवा त्यापुढे शू ड्रमला पकडतात आणि पातं फिरू लागतं. या दोन वेगांमध्ये अंतर राहिलं पाहिजे. ते मिटलं की धोका सुरू होतो.

म्हणून पहिली तपासणी ही. मशीन चालू करा, बोट रेसवरून काढा आणि पात्याकडे बघा. रेस सोडल्यावर पातं थोडा वेळ आपल्या वेगानं फिरतं, मग थांबतं. ते थांबलंच नाही, हळूहळू फिरतच राहिलं, तर ते मशीन त्या दिवशी कुणाच्याही हातात द्यायचं नाही. बांधावर पाय घसरला तर ते पातं पायावर येतं.

पातं का थांबत नाही? आधी स्लोचा स्क्रू बघा. इंजिन बंद पडू नये म्हणून कुणीतरी तो जास्त पिळून ठेवलेला असतो. थोडा सैल करा. तरीही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग ढिली पडली किंवा तुटली आहे, नाहीतर मळानं, गंजानं शू बाहेरच अडकले आहेत.

दुसरी तक्रार उलटी असते. इंजिन जोरात ओरडतं, पण पात्याला ताकद नाही. म्हणजे शू ड्रमवर घसरतात. एक तर ते झिजलेत, नाहीतर त्यांना तेल लागलंय. तिसरी खूण वासाची. करपल्यासारखा वास आला, दांडा इंजिनला जोडतो तिथे धूर दिसला, तर क्लच जळतोय. याचं कारण बहुतेक वेळा आपल्या बोटात असतं. पेट्रोल वाचवायचं म्हणून अर्ध्या रेसवर गवत कापलं की शू धड पकडत नाहीत, धड सोडत नाहीत, नुसते घासतात. कापताना रेस पूर्ण द्या, कापणं थांबलं की पूर्ण सोडा. वेल किंवा जाडं खोड पात्यात अडकलं तर रेस वाढवून ते तोडायला जाऊ नका. रेस सोडा, इंजिन बंद करा, मग हातानं काढा.

आता शू बदलायचे कसे ते सांगते. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. पातं काढा. दांडा इंजिनला जिथे जोडलाय तिथे बहुतेक मशीनना चार बोल्ट असतात. ते सोडवले की दांडा ड्रमसकट बाजूला येतो आणि इंजिनच्या बाजूला दोन शू दिसतात. आधी मोबाईलवर फोटो काढा. शूंचे दोन बोल्ट काढताना खालचा वायसर कुठला, वरचा कुठला, ते त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवा. इंजिनच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून जोर लावू नका, पंखा तुटतो. बोल्ट हलतच नसेल तर मेकॅनिककडे न्या.

दुकानात जुना क्लच बरोबर न्या आणि मापाला माप लावून घ्या. दोन्ही शू आणि स्प्रिंग एकदमच बदलायची. एक नवा, एक जुना चालत नाही. शूवर बाण असेल तर त्याची दिशा जुन्यासारखीच ठेवा. बोल्ट कसल्यावर शू अंगठ्यांनी बाहेर दाबून बघा. ते मोकळेपणी हलले पाहिजेत आणि सोडल्यावर आपोआप आत आले पाहिजेत.

ड्रमही आतून बघा. तो तापून निळा पडला असेल किंवा आत खोल चरे असतील तर बदला. नुसता चकाकत असेल तर पॉलिश पेपरनं हलका घासा. आतली धूळ फुंकू नका, नाकावर फडकं बांधून ओल्या कापडानं पुसा. आणि ड्रमच्या आत तेल किंवा ग्रीस कधीही घालायचं नाही. ग्रीस लागतं ते खाली, पात्याजवळच्या गिअरला.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दांडा आणि ड्रम काढलेला असताना इंजिन सुरू करायचं नाही. शूंना अडवायला ड्रम नसतो, ते सुटून अंगावर उडू शकतात. सगळं जोडल्यावर, पात्यावरचं कव्हर लावून, मोकळ्या जागेत पहिली तीच तपासणी करा. रेस सोडली की पातं थांबतं ना? मग पहिला अर्धा तास हलकं गवतच कापा.

शेवटी एक वहीचं काम. मशीन पाच जणींच्या हातात फिरतं, पण जबाबदारी कुणा एकीची नसते, असं बऱ्याच गटांत होतं. भाड्याच्या वहीत दोन रकाने वाढवा. मशीन किती तास चाललं, आणि परत घेताना पातं थांबत होतं का. घेणारीनं आणि देणारीनं दोघींनी बघून खूण करायची. याला एक मिनिट लागतं. क्लच कधी बदलला, किती तास टिकला, तेही तिथेच कळेल. दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवायचे ते मग मासिक बैठकीत अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

येत्या बैठकीत मशीन मध्ये ठेवा आणि प्रत्येकीनं आपल्या हातानं एकदा ही तपासणी करून बघा. जी मशीन चालवत नाही तिनंही करा, कारण ती उद्या भाड्यानं देणारी असेल.