दिघीतली होडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालिकाबाईंनी मला ‘बोटवाले’ म्हणून पुकारलं, तेव्हा आधी खुलासा करतो. दिघी आणि बोट म्हटलं की लोकांना रायगडातलं दिघी बंदर आठवतं, जंजिऱ्याजवळच्या राजपुरी खाडीवरचं. आपली दिघी आळंदी रस्त्यावरची, समुद्र घाटाखाली. तरीही शिडाची एक जुनी, वीस फुटी फायबरची होडी दर पावसाळ्यात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते. नारळी पौर्णिमेनंतर ती खाली जाते. मधले महिने डागडुजीचे.

फायबर गंजत नाही, मग त्याला करायचं काय, असं मलाही वाटायचं. पण सतत पाण्यात राहिलं की जेलकोटखाली फोड येतात. फोडले तर व्हिनेगरसारखा वास येणारं पाणी निघतं. तो भाग घासून उघडा करायचा, गोड्या पाण्याने धुवायचा आणि पूर्ण सुकल्यावरच इपॉक्सी भरायचं. आता दिघीच्या जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे होडी काय वाळणार? पहिल्या वर्षी मी घाई केली. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा फोड. तेव्हापासून होडी एप्रिलमध्येच वर आणतो.

शिडाचं कापड टिकतं, उन्हाने आधी दोरा जातो. तो मी ताडपत्री शिवणाऱ्याकडून बदलून घेतो. ‘एवढा मोठा तंबू कुणाच्या लग्नाचा?’ असं त्याने विचारलं होतं.

खरी गोष्ट डोलकाठीची. तिला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या तारा ताणून धरतात. तार गंजते ती टोकाच्या दाबलेल्या नळीच्या आत, बाहेरून चकचकीत दिसते. म्हणून नळीच्या तोंडाशी कापूस फिरवायचा. तुटलेला धागा असेल तर कापूस अडकतो. हे सगळं मी केलं होतं. पण तारेच्या खालच्या खिळीतली स्प्लिट पिन जुनीच सरळ करून पुन्हा घातली. आपले वर्कशॉपचे सर समोर बसले आहेत. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही, हे त्यांनी नववीत सांगितलं होतं. उभा जन्म कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढला, दुसऱ्यांना त्यावरून बोललो, आणि स्वतःच्या होडीत दोन-पाच रुपयांची पिन वाचवली.

नोव्हेंबरात चांगल्या वाऱ्यात पिन तुटली, खिळी निसटली आणि डोलकाठी आडवी झाली. आपल्याच वर्गातला एक जण सुकाणूवर होता. काठी त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडली. एका मच्छीमार होडीने आम्हाला ओढून आणलं. त्या तांडेलांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, तेव्हा बांधकामावर लक्ष ठेवायला ते स्वतः तिथे होते. पूर्वी मला ती हौस वाटायची. भर समुद्रात नौकेतलं काही मोडलं तर हाक मारायला कुणी नसतं, हे त्या नोव्हेंबरनंतर कळलं.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. घरी त्याने काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही. पुढच्या जुलैत मात्र तो सँडपेपर घेऊन शेडमध्ये हजर झाला, आणि अजून दरवर्षी येतो. होडीत पाय टाकण्याआधी नव्या पिनांचं रिकामं पाकीट दाखव म्हणतो. मी दाखवतो.