जाळ्याची वेस

शाळेतील वीस संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवावयाची, तर ती जाळ्यावरून एकाच सर्व्हरमधून पोहोचविता येते. मात्र कोऱ्या यंत्रास स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. ते पुकारा करते, आणि तो पुकारा राउटरपाशी थांबतो. म्हणूनच १९८५ च्या ‘बूटपी’ संकेतात निरोप पलीकडे नेणाऱ्या मध्यस्थाची योजना केलेली आहे.

सर्व्हर दुसऱ्या जाळ्यात असल्यास दोन्ही जाळी, त्यांचे मास्क व गेटवे, म्हणजे जाळ्याच्या वेशी, आधी नोंदवाव्यात. मास्क २५५.२५५.२५५.० असता १९२.१६८.२०.५ या यंत्रापुढे १९२.१६८.१०.१ हा गेटवे लिहिण्याची चूक मी स्वतः केली आहे; दिवस फुकट गेला. यंत्रास त्याच्याच जाळ्यातील वेस, आमच्याकडे १९२.१६८.२०.१, दाखवावी लागते. परतीची वाट सर्व्हरकडेही नोंदवावयाची असते; ती पुष्कळजण विसरतात.