तंबू कुठे ठोकायचा?

इगतपुरीहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला निघालात, तर मुक्काम अभयारण्यात की बाहेर, हे आधीच ठरवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. रतनवाडी, साम्रद ही गावं त्याच्या आतच येतात. हिवाळ्यात खुशाल रतनवाडीत राहा. पहाटेच रतनगड चढायला घेता येतो, आणि गावात पिठलं-भाकरी मिळते.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मात्र रात्री इगतपुरीला परता. तेव्हा हिरडा, बेहडा, सादड्यावर काजवे लखलखतात. ती उघडझाप म्हणजे नरानं मादीला घातलेली साद. तंबूबाहेरच्या दिव्यानं ती हरवते. शिवाय झाडाखालच्या गवतातले काजवे पायदळी तुडवले जातात. काजवे जरूर पाहा, पण वनखात्यानं ठरवलेल्या वेळेत, रस्त्यावरूनच, टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवून.