वहीत न लिहिलेली नावे : वंशावळ आणि आनुवंशिकता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. अशा वर्षी जुनी कागदपत्रे, जुनी छायाचित्रे बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर घराण्याची वंशावळही बाहेर निघते. राजस्थान-गुजरातमधून येऊन महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची नावे कुलगुरू आणि वहीवंचे यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आढळतात. मूळ गाव, गोत्र, पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा असा तो क्रम असतो. पाच-सात पिढ्यांमागचा पूर्वज त्या पानावर भेटला की मन भरून येते.

मात्र ती वही लक्षपूर्वक वाचली, तर काही जागा रिकाम्या दिसतात. सासरी गेलेल्या लेकीचे नाव बहुधा तिथे नसते. तिची मुले दुसऱ्या घराच्या वहीत जातात. तान्हेपणीच दगावलेल्या बाळाची नोंद क्वचितच असते. दत्तक घेतलेला मुलगा पोटच्या मुलाप्रमाणेच लिहिला जातो. यात काही चूक नाही. कुळ, गोत्र आणि वारसा सांगणे हे त्या वहीचे काम आहे व ते तिने चोख केले आहे.

वैद्यकशास्त्र मात्र वंशावळ वेगळ्या हेतूने लिहिते. इंग्रजीत तिला ‘पेडिग्री चार्ट’ म्हणतात. एखादा आजार घराण्यात कोणत्या वाटेने उतरला आणि पुढे कोणाकडे जाऊ शकतो, याचा शोध ती घेते. जुन्या वहीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्या लेकी आणि ती अल्पायुषी बाळे यांच्याच नोंदी तिथे सर्वांत मोलाच्या ठरतात.

चिन्हांची भाषा

या चार्टची लिपी तासाभरात शिकता येते. चौकोन म्हणजे पुरुष आणि वर्तुळ म्हणजे स्त्री. आजार असलेल्या व्यक्तीचे चिन्ह पूर्ण काळे भरतात. स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणाऱ्या ‘वाहक’ व्यक्तीचे चिन्ह अर्धे भरतात. पती-पत्नींना आडवी रेघ जोडते. ते एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असतील तर ती रेघ दुहेरी असते. दिवंगत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ येते. दत्तक व्यक्ती कंसात दाखवतात. पिढ्यांना रोमन अंक असतात, भावंडे डावीकडून उजवीकडे वयाच्या क्रमाने मांडतात आणि ज्या व्यक्तीमुळे तपास सुरू झाला तिच्याकडे बाण असतो.

किमान तीन पिढ्यांची माहिती भरली की चार्टमध्ये एखादा आकृतिबंध दिसू लागतो. तो ओळखणे हेच खरे कौशल्य आहे.

तीन वाटा

ग्रेगर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. १९०० मध्ये त्यांच्या नियमांचा पुन्हा शोध लागला आणि लवकरच तेच नियम माणसाच्या घराण्यांतही दिसू लागले. प्रत्येक व्यक्तीजवळ बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. यावरून आजाराच्या मुख्य वाटा ठरतात.

पहिली वाट प्रभावी आनुवंशिकतेची. येथे एकच सदोष प्रत पुरेशी असते. आजार बहुधा प्रत्येक पिढीत दिसतो, स्त्री-पुरुष दोघांत दिसतो, पित्याकडून पुत्राकडेही जातो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अमेरिकेतील विल्यम फॅराबी यांनी १९०५ मध्ये आखूड बोटे असलेल्या एका घराण्याची वंशावळ मांडून माणसातील हा प्रकार प्रथम दाखवला.

दुसरी वाट अप्रभावी आनुवंशिकतेची. येथे दोन्ही प्रती सदोष असल्या तरच आजार होतो. म्हणून आई-वडील धडधाकट असतात, मागच्या पिढ्यांत कोणी आजारी आठवत नाही आणि अचानक एकाच घरातील एक-दोन भावंडे बाधित होतात. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये अल्कॅप्टोन्यूरिया या आजाराचा अभ्यास करताना पाहिले की, अशा अनेक रुग्णांचे आई-वडील परस्परांची चुलत-मावस भावंडे होती. चार्टमधील दुहेरी रेघेचे महत्त्व तेव्हापासून कळले.

तिसरी वाट एक्स गुणसूत्राची. स्त्रीजवळ दोन एक्स असतात, पुरुषाजवळ एकच. म्हणून आजार प्रामुख्याने मुलांमध्ये दिसतो. पण तो मुलांपर्यंत पोचतो तो निरोगी मातेच्या मार्गाने. बाधित पित्याकडून तो मुलाकडे कधीच जात नाही, मात्र त्याच्या सर्व मुली वाहक होतात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे. तिच्या नऊ अपत्यांपैकी राजपुत्र लिओपोल्डला हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, होता. तो १८८४ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी पडण्याचे निमित्त होऊन वारला. ॲलिस आणि बिआट्रिस या दोन मुली वाहक होत्या. ॲलिसच्या मुलीकडून हा आजार रशियाच्या युवराज ॲलेक्सीपर्यंत पोचला, तर बिआट्रिसच्या मुलीकडून स्पेनच्या राजघराण्यात गेला. लिओपोल्डचा मुलगा निरोगी होता. मुलगी स्वतः निरोगी, पण वाहक. तिच्या मुलाला मात्र हिमोफिलिया निघाला. नियम तंतोतंत खरा ठरला. पुढे २००९ मध्ये रशियन राजकुटुंबाच्या अस्थींच्या डीएनए तपासणीतून हा ‘हिमोफिलिया बी’ असल्याचे सिद्ध झाले.

ही वंशावळ फक्त पित्याकडून पुत्राकडे अशी लिहिली असती, तर त्या घराण्यांना जोडणारा धागाच दिसला नसता. तो धागा लेकींच्या हातात होता.

घरातला हिशेब

राजघराण्यांची गोष्ट दूरची वाटेल. भारतात अधिक जवळचा प्रश्न थॅलेसेमियाचा आहे. तो अप्रभावी वाटेने येतो. देशात सरासरी शंभरामागे तीन-चार व्यक्ती बीटा थॅलेसेमियाच्या वाहक आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. वाहक व्यक्ती रुग्ण नसते. ती सामान्य आयुष्य जगते, फार तर किंचित पंडुरता असते. दोन वाहकांचा विवाह झाल्यावर मात्र प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा बालकाला साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

‘चारात एक’ याचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप, असे त्यात नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

आता एक काल्पनिक कुटुंब घेऊ. भावाला थॅलेसेमिया मेजर आहे, बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? वाहक आई-वडिलांच्या चार संभाव्य अपत्यांत एक बाधित, दोन वाहक, एक पूर्ण मुक्त. बहीण बाधित नाही, हे माहीतच आहे. म्हणून उरलेल्या तिघांत दोन, म्हणजे दोन-तृतीयांश. तिचा विवाह दूरच्या, नात्यात नसलेल्या मुलाशी झाला, तर तो वाहक असण्याची शक्यता सुमारे तिसात एक धरता येते. दोघेही वाहक असतील तर अपत्याला धोका चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की १८० मध्ये १ येतो.

त्याच मुलीचा विवाह सख्ख्या मामाच्या मुलाशी झाला तर? आई वाहक आहे, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलाची पाव. दोन-तृतीयांश, पाव आणि पाव यांचा गुणाकार होतो २४ मध्ये १. म्हणजे धोका साडेसात पट वाढला. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात अनेक समाजांत मामे-आते भावंडांतील विवाहाची रीत आहे. तिथे हा हिशेब केवळ कागदावरचा राहत नाही.

गोत्र काय सांगते, काय सांगत नाही

राजस्थानी परंपरेच्या अनेक कुटुंबांत स्वतःचे, आईचे, आजीचे अशी गोत्रे टाळून सोयरीक करण्याची रीत आहे. जवळच्या रक्तसंबंधातील विवाह टाळणारी ही रीत जनुकशास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. गोत्र पित्याकडून चालते. ते सदोष जनुकाचा पत्ता सांगत नाही. शिवाय शतकानुशतके विवाह एकाच समाजात होत आले असतील, तर भिन्न गोत्रांच्या दोन कुटुंबांतही कोण्या जुन्या पूर्वजाकडून आलेला तोच दोष असू शकतो. म्हणून गोत्र जुळवणे आणि रक्त तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

दोष कोणाचा?

मूल आजारी निघाले की घराघरांत पहिला प्रश्न होतो, ‘हे कोणाकडून आले?’ आणि उत्तर बहुधा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवते. ‘आमच्याकडे असे कधी कोणाला झाले नाही,’ हे वाक्य किती स्त्रियांनी मान खाली घालून ऐकले असेल! थॅलेसेमियाचा चार्ट त्या वाक्याला शांतपणे उत्तर देतो. चौकोनही अर्धा भरलेला आहे आणि वर्तुळही. एक प्रत पित्याची, एक मातेची. अप्रभावी वाटेवर ‘आमच्याकडे कोणाला नाही’ हा निर्दोषपणाचा पुरावा नसतो. या वाटेचे तेच तर लक्षण आहे.

मुंबईतच या विषयाचे एक विलक्षण उदाहरण सापडले. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा दुर्मीळ रक्तगट नोंदवला, जो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. हाही अप्रभावी वाटेने येतो. अशा व्यक्तीचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ दिसते, पण ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे जनुक तिच्याजवळ लपलेले असू शकते. त्यामुळे ‘ओ’ दिसणाऱ्या मातेला ‘एबी’ गटाचे मूल होऊ शकते, जे एरवी अशक्य मानले जाईल. वरवरच्या तर्काने जिथे संशय निर्माण होईल, तिथे आजी-आजोबांपासूनची नीट वंशावळ खुलासा करते.

चार्टलाही मर्यादा आहेत. कुटुंब लहान असेल तर आकृतिबंध उमटत नाही. कधी दोष त्या व्यक्तीतच नव्याने निर्माण झालेला असतो. व्हिक्टोरियाच्या पूर्वजांत हिमोफिलियाची नोंद आढळत नाही. दत्तकाची गोष्ट लपवली तर सारा हिशेबच चुकतो. म्हणून वंशावळ दिशा दाखवते आणि निर्णय प्रयोगशाळेची चाचणी देते.

विवाहापूर्वी, विवाहानंतर नव्हे

थॅलेसेमियाच्या वाहकाची चाचणी साधी आहे. नेहमीच्या रक्ततपासणीबरोबर हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजतात. ते साधारण साडेतीन टक्क्यांहून अधिक असेल तर व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता असते. ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते.

ती केव्हा करायची, हा प्रश्न मात्र मोठा आहे. गर्भधारणेनंतर दोघेही वाहक असल्याचे कळले, तर गर्भाची तपासणी आणि तिच्यापुढचा निर्णय समोर उभा राहतो. अहिंसेला प्राणाहून जपणाऱ्या घरासाठी त्याहून अवघड क्षण नाही. त्या जोडप्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तो क्षण त्यांच्यावर येऊच नये, यासाठी समाज आधी काही करू शकतो. पत्रिका पाहण्याच्या आधी दोन्ही घरांनी रक्ताचा अहवाल पाहावा. वाहकाने वाहकाशी विवाह टाळला, तर हा पेचच उद्‌भवत नाही. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी विवाह करण्यात अपत्याला मेजर आजाराचा धोका नसतो. म्हणून ‘वाहक’ हा कोणाच्याही नावावरचा डाग नाही.

सायप्रस बेटावर सुमारे सातांत एक व्यक्ती वाहक आहे. तिथे १९८३ पासून धर्मसंस्थेनेच विवाहापूर्वी चाचणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्या प्रमाणपत्राने कोणाचा विवाह रोखला नाही. जोडप्याला फक्त माहिती दिली. तपासणी, समुपदेशन आणि गर्भनिदान यांच्या एकत्रित कार्यक्रमामुळे तेथे थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. धर्मसंस्थेच्या शब्दाचे वजन कशासाठी वापरता येते, याचा हा धडा आहे.

यासाठी प्रत्येक घराने एक छोटे काम करावे. घरात आजी आहेत, आत्या आहेत, मावशी आहेत, तोवर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणाची किती भावंडे होती, कोणते मूल अंगी लागले नाही, कोण कोणत्या वयात व कशाने गेले, कोणत्या लेकीच्या मुलाला काय झाले, हे हळुवारपणे विचारावे. काही ठिकाणी त्यांचे डोळे भरून येतील. साठ वर्षांत ज्या बाळाचे नाव कोणी विचारले नव्हते, ते त्या सांगतील. ते लिहून ठेवावे. ही माहिती खाजगी आहे. ती चौकात सांगण्यासाठी नसून डॉक्टरांना आणि घरातील पुढच्या पिढीला देण्यासाठी आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांची नावे या स्मरणिकेत आदराने छापली जातील. त्याच वर्षी प्रत्येक घरच्या वहीत त्या घरातील लेकींची आणि अकाली गेलेल्या बालकांची नावेही लिहिली जावोत. पुढच्या पिढीतील एखादे मूल त्या एका ओळीमुळे निरोगी जन्माला येईल.

जय जिनेंद्र!