बीडचें शेत आणि कन्सोलचें दार

दसरा-दिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांच्या गांवोगांवीं गाड्या भरूं लागतात. भांडीं, अंथरुणें, पीठ-मिठाचीं गाठोडीं आणि त्यांवर बसविलेलीं मुलें घेऊन हजारों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें या जिल्ह्यांकडे आणि खालीं कर्नाटकांत निघतात. तीं परततात तीं गळिताचा हंगाम आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडीं. त्यांच्या व्यवहारांत 'कोयता' हा शब्द केवळ हत्याराचा वाचक नाहीं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागें, आणि हंगामाअखेर फिटणें-राहणें ठरतें तेंही कोयत्यामागेंच.

हा ऊंस आतां एका निराळ्याच शेतांत उगवूं लागला आहे. स्वित्झर्लंडमधील जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीनें 'फार्मिंग सिम्युलेटर' नांवाचा संगणकी खेळ २००८ सालीं प्रथम बाजारांत आणला. खेळाडूनें जमीन घ्यावी, नांगरावी, पेरावी, काढावी आणि विकावी, एवढाच त्याचा विषय. त्यांत लढाई नाहीं कीं पाठलाग नाहीं. या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतून बीडच्या शिवारांतलीं पिकें एकामागून एक येत गेलीं, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. सोयाबीन २०१६च्या आवृत्तींत आलें; ऊंस २०१७च्या नोव्हेंबरांत, दक्षिण अमेरिकेच्या नकाशाबरोबर; कापूस २०१८ सालीं, तर ज्वारी २०२१ सालीं. खोडव्याचा प्रकारही खेळांत बरोबर साधला आहे: एकदां तोडलेला ऊंस पुन्हां फुटतो, नवी लागण करावी लागत नाहीं. २०२४च्या आवृत्तींत म्हशीसुद्धां दाखल झाल्या.

तथापि तें शेत बीडचें नव्हे. तेथें ऊंस तोडतें तें एक अवजड यंत्र. गाडीला जुंपावयाचे बैल नाहींत, वाढ्यांच्या पेंढ्या नाहींत. मजूर हवा असेल तर एक कळ दाबतांच चालक यंत्रावर येऊन बसतो, त्याची मजुरी वेळेच्या हिशेबानें वजा होत राहते, आणि काम संपतांच तो नाहींसा होतो. तो कोठून आला, त्याच्या घरीं कोण आहे, त्यानें आगाऊ किती घेतलें, हे प्रश्न त्या शिवारांत उद्भवतच नाहींत.

ही उणीव भरून काढण्याची वाट खेळाच्या कर्त्यांनीं स्वतःच मोकळी ठेवली आहे. मूळ खेळांत एखाद्या खेळाडूनें आपल्या हौसेनें घातलेली भर किंवा केलेला फेरफार यास खेळाडूंच्या बोलींत 'मॉड' म्हणतात. त्यासाठीं लागणारें नकाशे रचण्याचें साधन ही कंपनी फुकट देते. नकाशा साधारणतः दोन किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. उपग्रहांवरून मिळालेल्या जमिनीच्या उंचीच्या आंकड्यांवरून त्यांत खऱ्या मुलखाचे चढउतार उतरवितां येतात. बालाघाटाच्या डोंगराची एखादी उतरण, तिच्या पायथ्याचें पांढरीचें गांव आणि काळ्या रानाचा तुकडा संगणकावर उभा करणें हें चिकाटीचें काम आहे, अशक्य नव्हे. भारतीय खेळाडूंनीं देशी ट्रॅक्टरांच्या प्रतिकृती करून संगणकावरील या खेळांत चालविल्याही आहेत. फोनवर खेळल्या जाणाऱ्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' या २०१७ सालच्या खेळांत बाहेरून गाड्या घालण्याची सोय असल्यामुळें आपल्या एस्‌टीची लालपरीही परदेशी रस्त्यांवर धांवून आली आहे. हौस आहे, हात आहेत; अडतें तें दुसरीकडेच.

अडतें तें कन्सोलपाशीं. दिवाणखान्यांतल्या टेलिव्हिजनला जोडावयाचीं हीं खेळयंत्रें, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वगैरे, आंतून संगणकच असतात. परंतु संगणक म्हणजे चावी मालकाच्या हातीं दिलेला वाडा, तर कन्सोल म्हणजे बांधणाऱ्यानें चावी आपल्याचपाशीं ठेवलेलें घर. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळावर कंपनीची सांकेतिक मुद्रा असावी लागते. मुद्रेवांचून यंत्र तो चालवीतच नाहीं. यास कंपन्यांचा केवळ आडमुठेपणा कारण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. विक्रीपूर्वीं प्रत्येक खेळ तपासला जातो, त्यावर वयोमर्यादेचा शिक्का बसतो. आणि मॉड तर तपासलेली वस्तु तपासणीनंतर बदलतो. शिवाय बाहेरून आलेल्या आज्ञांतील एखाद्या फटीतून यंत्राचें कुलूपच उघडलें, तर चोरीचे खेळ त्यावर सर्रास चालूं लागतील, ही भीति निराधार नाहीं.

दार किलकिलें करण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नव्हे. २००७ सालीं निघालेल्या 'अनरियल टूर्नामेंट ३' या खेळाच्या प्लेस्टेशन ३ वरील आवृत्तीनें संगणकावर तयार केलेले मॉड स्वीकारले. दुसऱ्या वर्षीं आलेल्या एक्सबॉक्स ३६० वरील आवृत्तींत ती मुभा नव्हती. पुढें चित्र अगदीं उलटलें. 'फॉलआउट ४' या खेळाचे मॉड ३१ मे २०१६ रोजीं एक्सबॉक्स वनवर आले, आणि प्लेस्टेशनचे खेळाडू वाट पाहत राहिले. सोनी परवानगी देत नाहीं असें खेळाच्या कर्त्यांनीं त्या सप्टेंबरांत जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत परवानगी मिळाली, पण अशा अटीवर कीं खेळांत मुळांत असलेलेंच साहित्य हवें तसें मांडावें, बाहेरून नवें कांहीं आणूं नये. परक्याच्या घरांतलीं भांडीं पाहिजे तशीं लावा, आपली एक वाटीसुद्धां आणूं नका, अशांतलाच तो प्रकार झाला. जागेचाही भेद होता: एक्सबॉक्सवर मॉडांसाठीं दोन गिगाबाइट, तर प्लेस्टेशनवर नऊशें मेगाबाइट.

त्याच सुमारास आणखी एक तंटा उभा राहिला, आणि तो यंत्राचा नसून माणसांचा होता. संगणकासाठीं कोणी खपून केलेले मॉड दुसऱ्याच कोणी उचलून, न विचारतां, एक्सबॉक्ससाठीं चढविले. मूळ कर्त्यापाशीं पुष्कळदां कन्सोल नसतो. त्यावर आपलें काम कसें चालतें हें त्यास तपासतां येत नाहीं, आणि तें बिघडलें म्हणजे शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात. करणारा एका यंत्रावर आणि खेळणारा दुसऱ्यावर, हें अंतर नियमांच्या भिंतीइतकेंच त्रासाचें आहे.

'फार्मिंग सिम्युलेटर'नें ऑक्टोबर २०१६च्या आवृत्तीपासून कन्सोलवर मॉड आणले ते निराळ्या मार्गानें. खेळाडूनें मॉड संगणकावर करावा, कंपनीकडे धाडावा, कंपनीनें तो तपासावा आणि आपल्या 'मॉडहब' या भांडारांतून वाटावा. अशा रीतीनें नवे आकार आणि नवीं चित्रेंसुद्धां प्लेस्टेशनवर गेलीं, कारण मधें जबाबदार हात होता. स्मृतीची मर्यादा मात्र राहिली. कन्सोलवर प्रत्येक वाहनास आणि अवजारास ठराविक 'स्लॉट' मोजावे लागतात. ते संपले कीं नवें कांहीं घेतां येत नाहीं. म्हणून ट्रॅक्टरावरचीं फुलांचीं तोरणें, गोंडे, आरसे, भोंगे अशी हौसेची सजावट कन्सोलसाठीं करतांना हात आंखडावा लागतो. येथवर अडचण कौशल्याची आहे, आणि कौशल्यानें ती सुटते.

न सुटणारी अडचण पुढें आहे. मॉड दोन जातींचे असतात. एका जातीच्या मॉडांत आकार, चित्रें आणि आंकडे असतात. दुसऱ्या जातीच्या मॉडांत यंत्रानें काय करावें याच्या नव्या आज्ञा, म्हणजे 'स्क्रिप्ट', असते. संगणकावर या खेळाची स्क्रिप्ट लुआ नांवाच्या भाषेंत लिहितां येते. कन्सोलवर मात्र मॉडला स्क्रिप्टची परवानगी नाहीं.

याचा अर्थ बीडपुरता काय होतो? समजा, पाटोद्याच्या एखाद्या तरुणानें आपल्या गांवचा नकाशा करावयास घेतला. डोंगर जाईल, ज्वारीचें रान जाईल, पत्र्याचीं घरें जातील. ऊंस घेऊन साखर देणारी इमारत खेळांत आहेच. तिला गुऱ्हाळाचें रूप देऊन तीही जाईल, कारण किती उसाची किती साखर हा केवळ आंकड्यांचा प्रश्न आहे. टायरगाडीचा सांगाडाही ट्रॅक्टरामागें जोडावयाची ट्रॉली म्हणून दारांतून आंत सरकेल. पण कोयता? एका माणसानें तोडावें, दुसऱ्यानें मोळी बांधावी, दोघांनीं मिळून गाडी भरावी. हंगामापूर्वीं घेतलेली उचल कामांतून फिटत जावी, न फिटली तर पुढील सालाच्या मानेवर बसावी. जोडींतलें एक माणूस आजारी पडलें तर कोयता अर्धा व्हावा. हें आकारानें दाखवितां येत नाहीं आणि एका आंकड्यानें सांगतां येत नाहीं. त्यास नव्या आज्ञा लागतात, आणि त्या दाराबाहेर थांबतात. कन्सोलवर पोहोंचेल तें बीडचें रान. त्या रानांतून माणसें वर्षाचे सहा महिने कां निघून जातात तें पोहोंचणार नाहीं.

हें कोणी मुद्दाम योजलेलें नाहीं. ज्या अभियंत्यानें स्क्रिप्ट बंद केली, त्याच्या डोळ्यांपुढें चोर होता. मुकादम त्याच्या ऐकिवांतही नसेल. परंतु यंत्रानें मुळांतच ज्या शेतीचे व्यवहार आंत घेतले, ती शेती कन्सोलवर घरची झाली, आणि बाकीच्या शेतीला तेथें केवळ देखाव्यापुरती जागा राहिली, हा परिणाम कांहीं टळत नाहीं.

फोनच्या आवृत्तीची वाट दाखविणारे कांहीं भेटतात, कारण बीडच्या पोरांच्या हातांत कन्सोलपेक्षां फोनच अधिक. पण फोनवरील 'फार्मिंग सिम्युलेटर'ला कंपनीनें मॉडची मुभा दिलेली नाहीं. देशी ट्रॅक्टर घातलेल्या ज्या प्रती फोनांतून फिरतात त्या बिनपरवाना फिरतात, आणि तशा प्रती फोनांत घेणें धोक्याचें असतें.

सर्व स्क्रिप्ट एकदम मोकळी करावी ही मागणी मान्य होण्याजोगी दिसत नाहीं. त्याहून साधा एक तोडगा आहे. खेळाच्या कर्त्यांनींच मजुरांच्या टोळीची रचना मूळ खेळांत घालावी: टोळींत माणसें किती, तोडीचा वेग किती, आगाऊ रक्कम किती, ती फिटते कशी, एक माणूस कमी झालें तर काय. आज्ञा कंपनीच्या, तपासलेल्या आणि मुद्रांकित. मॉड करणाऱ्यानें भरावयाचे ते फक्त आंकडे. किती उसाची किती साखर हें आज ज्या रीतीनें लिहून धाडतां येतें, त्याच रीतीनें एका कोयत्याला उचल किती हेंही मग पाटोद्याहून लिहून धाडतां येईल.