पडद्यावरचे टिपून ठेवू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोबाईलच्या पडद्यावर जे चालते ते कॉम्प्युटरवर कसे टिपून ठेवावे, यावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला येथून दिसते आहे. परंतु ई-पीक पाहणीचे नाव काढले, तर तो तुमच्याच घरचा विषय निघेल.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची असते. सातबाऱ्यावरची ती नोंद पुढे हमीभावाच्या खरेदीला, नुकसानीच्या मदतीला लागते. आता सातबारा आईच्या नावे, मोबाईल समजतो मुलाला, आणि मुलगा पुण्यास! मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. बरे, कोणी येऊन भराभर दाखवले, तर ते घरी पोहोचेपर्यंत विसरते. टिपलेले असले म्हणजे तेच दहा वेळा पाहता येते, आणि पुनःपुन्हा विचारण्याचा संकोच नाही.

अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय मोबाईलमध्येच असते. मग कॉम्प्युटर हवा कशाला? अहो, वीतभर पडद्याभोवती वीस जणींनी माना तरी कशा घालाव्यात! कॉम्प्युटरवर करणारीचा मोबाईल सर्वांना मोठा दिसतो, आणि त्याच वेळी टिपलाही जातो.

यासाठी स्क्रीन-कॉपी नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. जेनीमोबाईल या फ्रेंच कंपनीने तो २०१८ साली सर्वांना खुला केला. मोबाईलमध्ये वेगळे काही घालावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधून त्यावर सात वेळा बोट टेकवावे, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यांत ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करावे आणि केबल जोडावी. मोबाईल परवानगी विचारतो. ती फक्त आपल्या कॉम्प्युटरला द्यावी. मग रेकॉर्डची आज्ञा व फाईलचे नाव लिहिले की काम सुरू होते, आणि खिडकी बंद केली की फाईल तयार. त्याच ऑप्शन्समध्ये ‘शो टॅप्स’ आहे. ते चालू ठेवल्यास बोट जेथे टेकते तेथे ठिपका उमटतो. शिकणारीला खरा उपयोग या ठिपक्याचा! २०२३ पासून मोबाईलच्या माइकमधून आपला आवाजही घेता येतो. तेव्हा सांगणे आपल्याच बोलीत असावे.

पिकाचा फोटो मात्र शेतात उभे राहूनच काढावयाचा असतो. तेवढा भाग मोबाईलमधल्या सोयीने टिपावा. कापसाच्या तासांत कॉम्प्युटर कोण नेणार?

आता थोडे कडक बोलते. तो ठिपका पिनचे आकडेही दाखवील, आणि ओटीपीचा निरोप आला तर तोही टिपला जाईल. म्हणून पिन टाकताना रेकॉर्डिंग बंद ठेवावे आणि निरोप येणे आधी थांबवावे. बँकांची बरीच ॲप्स आपला भाग काळाच दाखवतात. तो बिघाड नव्हे, आपले रक्षण आहे. काम संपले की यूएसबी डीबगिंग बंद करावे.

आणि फोनवरून कोणी गोड बोलून “हे ॲप घ्या, मी तुमचा पडदा पाहून मदत करतो” असे म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. आपली केबल हातभर, दुसरे टोक आपल्याच डोळ्यांसमोर. त्याचे टोक कोठे आहे हे तुम्हाला दिसत नाही. अशा ॲपमधून खात्यातले पैसे जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

पुढल्या बैठकीत आपण ई-पीक पाहणीचे पहिले रेकॉर्डिंग करणार आहोत. येताना आपापली केबल आणावी. काही केबली नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. म्हणून घरात दोन असतील तर दोन्ही आणाव्यात.